मानेवरची गाठ

भाऊबहिणींनी भांडू नये असं काही नाही, पण या दोघांनी भांडणाचा नुसता संसार मांडला होता. बहीण थोरली, जनावरांची सरकारी डॉक्टर. भाऊ धाकटा, वीस गाई आणि दोन घोड्यांचा मालक. छाती पुढे काढून चालायचा, म्हणून सगळे त्याला सरदार म्हणायचे आणि त्याला त्यात टोमणा कधी दिसला नाही.

तीन वर्षांपूर्वी सरदार परगावी असताना त्यांच्या वडिलांच्या वेळच्या घोड्याचा पाय मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. डॉक्टरीण आली, तिने पाहिलं आणि अर्ध्या तासात इंजेक्शन देऊन घोड्याला सोडवलं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने हेच केलं असतं. पण सरदार परतला तेव्हा खड्ड्यावर माती ओढूनही झाली होती.

"माझी वाट बघायला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठी त्याला चार तास तडफडत ठेवू?" तिने उलट विचारलं. ती बरोबरच होती, आणि बरोबर असताना गोड बोलायची तिला सवय नव्हती. तिथून पुढे दोघांचं जे फाटलं ते फाटलं. सरदार तिला ताई म्हणायचा बंद झाला. 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' सुरू झालं, तेही असं की शिवी परवडली. मग तिनेही त्याला 'मालक' म्हणायला सुरुवात केली. जनावर आजारी पडलं की सरदार एका कंपाउंडरला बोलवायचा. या गृहस्थाने औषधाच्या दुकानात काही वर्षं बाटल्या पुसल्या होत्या आणि तेवढ्यावर तो सुया टोचत फिरत होता.

लसीचं मात्र कंपाउंडरच्या हातात नव्हतं. गाईंना लाळ-खुरकुताची लस टोचल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला नसेल तर डेअरी दूध उचलत नसे. त्यामुळे वर्षातून दोनदा बहीण भावाच्या गोठ्यात येई, वीस गाई टोचून होईपर्यंत दोघं एकमेकांना पाण्यात पाहत आणि शेवटी दाखल्यावर शिक्का उमटे.

त्या दिवशी ती सकाळी आठला पोहोचली. गाई एकेक करून जनावर धरायच्या खोड्यात येत होत्या, ती टोचत होती, भावजय कानातल्या बिल्ल्यांचे आकडे वाचून दाखवत होती. सरदार शेजारी उभा राहून उगाचच घड्याळ बघत होता. चौदाव्या गाईला डॉक्टरणीने मान वर केली तेव्हा तिला तबेल्यातली घोडी दिसली.

मिरी तिचं नाव. पांढऱ्या अंगावर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. एरवी कुणी गोठ्यात आलं की दारावरून मुंडी काढून फुरफुरणारी घोडी आज भिंतीकडे तोंड करून उभी होती. समोरचं गवत तसंच पडलं होतं.

"तिला काय झालंय?"

"काही नाही. गॅस झालाय जरासा," सरदार म्हणाला. "तुम्ही गाई टोचा."

डॉक्टरीण सिरिंज ठेवून सरळ तबेल्यात शिरली. जनावर दिसलं की तिला मालक दिसत नसे, हा तिचा गुण आणि हाच तिचा दोष. तिने स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला बावन्न, म्हणजे असावेत त्याहून जास्त, पण घाबरण्याइतके नाहीत. डाव्या कुशीत आतड्याचा थोडा आवाज होता. उजव्या कुशीत काहीच नव्हतं. तिने ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्यांचा रंग तिला आवडला नाही. आयाळीत लाकडाचा भुसा अडकला होता आणि डाव्या डोळ्यावर ताजं खरचटलेलं होतं. रात्रीतून किंवा पहाटे ही घोडी जमिनीवर जोरात लोळली होती. पोटात भयंकर कळा आल्याशिवाय घोडा असा लोळत नाही, आणि इतक्या कळा आलेला घोडा सकाळी आपोआप असा शांत उभा राहत नाही.

मग तिने मानेवरून हात फिरवला आणि आयाळीखाली तिच्या बोटांना गाठ लागली. लिंबाएवढी, गरम, ताजी.

तिला सगळं कळलं. कळा मारायचं इंजेक्शन दिलेलं होतं. ते शिरेत द्यायचं असतं, मांसात दिलं की अशी गाठ येते. कंपाउंडरला शीर सापडत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्या औषधाने कळा थांबतात, ठोके खाली येतात, घोडा बरा दिसायला लागतो, आणि आतड्याला पीळ पडला असेल तर तो आत तसाच राहतो. ऑपरेशनची सोय असलेलं मोठं इस्पितळ अडीच तासांवर होतं. आत्ता गाडीत घातली तर घोडी वाचण्यासारखी होती. दुपारनंतर नाही.

"हिला काही दिलंय का?" तिने विचारलं.

"काही नाही," सरदार म्हणाला.

"अहो, पहाटे ते..." भावजयीने तोंड उघडलं.

"तू गाईंकडे बघ!"

भावजय गाईंकडे वळली. पण डॉक्टरणीकडे तिने जे पाहिलं, त्यात राहिलेलं वाक्य पूर्ण होतं.

सरदार खोटं का बोलला, तर डॉक्टरणीनेच त्याला पूर्वी दहा वेळा बजावलं होतं, की पोटदुखीत मी बघितल्याशिवाय हे इंजेक्शन द्यायचं नाही. आता दिलं म्हणून कबूल करायचं, म्हणजे हिच्यापुढे कान धरून उभं राहायचं. त्यापेक्षा त्याला जीभ कापून घेणं सोपं होतं.

"मला आत हात घालून तपासायला लागेल," ती म्हणाली. "नाकातून नळीही घालते."

"काही नको. तुम्ही हात लावला की आम्हाला खड्डा खणावा लागतो. बाबांचा घोडा खाल्लात, तेवढ्याने पोट भरलं नाही का?"

डॉक्टरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडील तिचेही होते. घोडाही त्यांनी आधी तिलाच चालवायला शिकवला होता. त्या सुईनंतर ती गाडीत बसून किती रडली होती, ते या छातीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. 'मानेवर ही गाठ कसली?' एवढं विचारलं असतं तर सरदाराची बोबडी वळली असती, दोन शिव्या इकडून, दोन तिकडून झाल्या असत्या आणि नऊ वाजता घोडी गाडीत असती. तिने तोंड उघडलं, पण दुसऱ्याच वाक्यासाठी.

"ठीक आहे, मालक. मग तसं लिहून घेते."

तिने पॅड काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: मालकाच्या सांगण्यानुसार घोडीला कोणतंही औषध दिलेलं नाही, पुढील तपासणीस मालकाचा नकार. "करा सही."

सरदाराने इतक्या जोरात सही केली की कागद फाटला. डॉक्टरणीने घडी घालून कागद बॅगेत ठेवला, राहिलेल्या सहा गाई टोचल्या, दाखल्यावर शिक्का मारला आणि निघाली. आपण काय केलं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तासाभरात औषध उतरायला लागेल, याचा फोन येईल, याला पाया पडत 'ताई' म्हणावं लागेल, असा तिचा हिशेब. एकदाची याची जिरू दे. घोडीचं तिच्या डोक्यात नव्हतं असं नाही. होतं, पण भावाच्या मागे उभं होतं.

पुढच्या गोठ्यात एक गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत दुमडलेला. खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ करता करता साडेदहा वाजले. वासरू जिवंत निघालं, गायवाला आनंदाने तिला चहा पाज म्हणून बायकोच्या मागे लागला. तिने फोन बघितला. काही नव्हतं. तिने भावाचा नंबर काढला, बघितला आणि फोन खिशात टाकला. अकराला पुन्हा काढला, पुन्हा टाकला. मीच का करू, असं ती मोठ्याने म्हणाली आणि गायवाल्याला वाटलं चहाबद्दलच बोलतेय.

तिकडे सरदारही फोन हातात घेऊन बसला होता आणि हेच म्हणत होता. एकाच आईची लेकरं ती.

एक वाजता भावजयीचा फोन आला. "वन्सं, या. लगेच या."

डॉक्टरणीने गाडी अशी हाणली की कोंबड्या रस्ता सोडून पळाल्या. पण तबेल्याच्या दारातूनच तिला कळलं. मिरी आडवी पडली होती, उठत होती, पुन्हा स्वतःला जमिनीवर आपटत होती. अंगाला घामाचा फेस आला होता, पोट ढोलासारखं फुगलं होतं. ठोके शंभरावर. हिरड्या जांभळ्या. गुंगीचं इंजेक्शन देऊन तिने आत हात घातला तेव्हा मोठं आतडं नको तिथे, ताणून टम्म झालेलं हाताला लागलं. ती गुडघ्यांवर बसून राहिली.

"इस्पितळात नेतो," सरदार म्हणाला. "गाडी सांगितलीय मी. येतेच आहे."

"वाटेतच जाईल ती. तडफडत जाईल."

सरदाराची छाती खाली बसली. तो बहिणीच्या शेजारी भुशात बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"ताई, मी खोटं बोललो गं. पहाटे कंपाउंडरला बोलावून इंजेक्शन दिलं होतं. तू चिडशील म्हणून बोललो नाही. तू विचारत होतीस आणि मी... मी मारली तिला, ताई. मी एकट्याने मारली."

त्याने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तीन वर्षं ती याच शब्दासाठी तरसली होती. नुसतं पाठीवरून हात फिरवला असता तर भाऊ परत मिळत होता, फुकट मिळत होता. तिने हात वर केलाही. पण ते 'एकट्याने' तिच्या घशाखाली उतरेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मानेवर गाठ लागली होती हाताला. सकाळीच. तू खोटं बोलतोयस, हे मला तेव्हाच कळलं होतं."

सरदाराने डोकं उचललं. "मग बोलली का नाहीस?"

"तुझी जिरवायची होती."

मागे मिरीने भिंतीवर लाथ मारली.

"सकाळी नेली असती तर?"

"बहुतेक वाचली असती."

ती वाटच बघत होती, की आता हा अंगावर धावून येईल. धावून आला असता तर तिला बरं वाटलं असतं. सरदार उठला, त्याने घोडीची म्होरकी धरली, तिचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि म्हणाला, "कर."

डॉक्टरणीने शीर शोधली. सुई जागेवर गेली. मिरी एकदा मोठा श्वास घेऊन सैल पडली. ठोके थांबेपर्यंत डॉक्टरीण स्टेथोस्कोप लावून बसली. थांबल्यावरही बराच वेळ तिने तो काढला नाही, कारण काढला की वर बघावं लागणार होतं.

भावजय हात धुवायला पाण्याची बादली घेऊन आली होती. ती केव्हापासून दारात होती, कुणाला कळलं नाही. तिने बादली खाली ठेवली नाही.

"आम्ही चुकलोच, वन्सं," ती म्हणाली. "हे खोटं बोलले. मी भिऊन गप्प बसले. पण तिच्या पोटात काय चाललंय, ते आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं."

डॉक्टरणीने सुई, बाटली, स्टेथोस्कोप एकेक करून बॅगेत भरलं. भावजय बादली घेऊन गाईंकडे गेली. सरदार घोडीचं डोकं मांडीवर घेऊन तसाच बसला होता, बहीण त्याला ओलांडून बाहेर पडली तरी त्याने वर पाहिलं नाही.