पत्र्याचा टब आणि कोंडा झालेला कुत्रा

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगावर जागोजागी पोचे आले आहेत, पण एके काळी माझ्यात तोंड पाहून घ्यावे इतका मी लख्ख होतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या तान्ह्या लेकीला न्हाऊ घालण्यासाठी मला घरी आणले.

लेक माझ्यात पाणी उडवत मोठी झाली. मग मी तिला पुरेनासा झालो आणि पुढे ते घरही पुरेनासे झाले. ती नोकरीसाठी दूर गेली. बाईंनी माझ्यात चिंध्या भरून मला गॅलरीत ठेवले.

बाईंच्या सोबतीला आता एक म्हातारा तपकिरी कुत्राच उरला. दिवसभर तो शिलाई मशीनखाली त्यांच्या पायाशी पडून असे. एका हिवाळ्यात त्याच्या अंगाला खाज सुटली आणि केसांतून पांढरा कोंडा गळू लागला. बाई त्याला आपल्याच साबणाने रोज धुऊ लागल्या. पण रोगापेक्षा औषध जालीम! कोंडा वाढतच गेला. एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईने आपला नवा काळा कोट झटकला.

"हे काय हो कोटावर? असंच असेल तर मी दुसरीकडे शिवून घेईन."

त्या दिवसापासून बाई कुत्र्याला गॅलरीत बांधू लागल्या. तो माझ्या कडेला पाठ घासायचा, बंद दाराकडे बघायचा आणि मला टेकून झोपायचा.

"आई, देऊन टाक ना त्याला कुणाला तरी," लेक फोनवर म्हणाली.

"देईन की. मग दिवसभर बोलू कुणाशी? मशीनशी?"

दुसऱ्या दिवशी बाई त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत येऊन त्यांनी लेकीला फोनवर सांगितले, "पिसवा नाहीत, बुरशी नाही, नुसती कोरडी कातडी आहे म्हणे. माझ्या साबणानंच घात केला."

मग माझ्यातल्या चिंध्या निघाल्या. किती वर्षांनी माझ्यात कोमट पाणी पडले! त्यात बाईंनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ओट्सची बारीक पूड कालवली. कुत्रा थरथरत होता.

"बस रे राजा, कढत नाही."

डोळे सांभाळत त्या ओंजळीने पाठीवर पाणी सोडत राहिल्या. थोडा वेळ तसेच मुरू दिले, मग साध्या पाण्याने धुऊन अंग कोरडे केले आणि मऊ ब्रश फिरवला. अशी आंघोळ आठवड्यातून एकदाच, ब्रश मात्र रोज. जेवणात माशाचे तेल, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. थंडी सरता सरता कोंडा गेला आणि कुत्रा पुन्हा मशीनखाली जाऊन बसला.

मित्रांनो, तो आत गेला याचा मला आनंदच आहे. पण आता मला टेकून कोणी झोपत नाही.

तुमच्या घरातल्या मुक्या जिवाच्या अंगावर कोंडा दिसला, तर त्याला दाराबाहेर काढण्याआधी पाठीवरून हात फिरवून बघा. आणि गॅलरीत एखादा जुना टब असेल, तर त्याला अधूनमधून पालथा करून ठेवा. पाणी साचून राहिले की आम्ही तळातून गंजतो, आणि वरून ते कुणाला दिसत नाही.