गिझरमधली बाधा

शहाण्णव सालची गोष्ट. संध्याकाळी जुईनगरच्या त्या दोन खोल्यांत निम्मी सोसायटी दाटीवाटीने उभी होती. बाधा उतरवायला आलेल्या महाराजांनी आपलं उपरणं इस्त्रीला दिलं, पाय धुवायला गरम पाणी मागितलं आणि ते आणायला मुद्दाम सुंदराबाईंनाच धाडलं. ‘‘पाण्यात वीज, विजेत छाया, छायेत म्हातारी,’’ महाराज घुमू लागले. न्हाणीत गिझर सुरू झाला आणि थोड्याच वेळात घरातले सगळे दिवे गेले. लोकांनी हात जोडले. सर्वांत आधी जोडले अंकुशने, हातातली इस्त्री खाली ठेवून.

हा अंकुश म्हणजे सुंदराबाईंचा मुलगा. जयंतीच्या मंडपात दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा गडी. पण क्षणात पाणी तापवणारा गिझर त्याने हौसेने बसवला आणि तेव्हापासून सकाळी आई आंघोळीला गेली की दिवे जायचे. फ्यूजची तार बदलून बदलून तो रडकुंडीला आला आणि रबाळ्याच्या महाराजांना शरण गेला. कुठल्या वेळी घरात कोण काय करतं, ते महाराजांनी आधीच खोदून खोदून विचारून घेतलं होतं. अंकुशला ते अंतर्ज्ञान वाटलं.

महाराजांनी निकाल दिला, बाधा आईच्या अंगात आहे, तिला कायमची गावी धाडा. सुंदराबाई पिशवीत लुगडी भरू लागल्या.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर शमीम पुढे झाल्या. अंकुशकडून फ्यूजला नवी तार घालून घेत त्या म्हणाल्या, ‘‘आता आजी इथे बसतील. गिझर तुम्ही लावा. इस्त्री चालूच राहू दे.’’

दिवे गेले. बाधा लेकात शिरली, असं महाराज पुटपुटले. शमीमबाईंनी पुन्हा तार घालायला लावली, इस्त्रीची पिन काढली आणि या खेपेला गिझर आजींना लावायला सांगितला. पाणी कढत आलं. दिवे हलले नाहीत.

‘‘घराची लाइन पंधरा अँपिअरची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गिझर एकटाच तेरा खातो. इस्त्रीने वर चार मागितले की तार वितळणारच. सकाळी आजी आंघोळीला गेल्या की इस्त्री कोण करतं?’’

ऑफिसचे कपडे अंकुशच इस्त्री करायचा. सगळ्यांच्या देखत त्याला ते सांगावं लागलं. लोक हसले, आणि ती संधी साधून महाराज जिना उतरले.

अंकुश आईजवळ बसला. सुंदराबाईंनी लुगडी पिशवीतून परत काढली. ‘‘गावाकडं जाईन बी मी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पर माह्या मनानं.’’

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मीटरपासूनची वायर तपासली. अंकुशने वीज मंडळाकडून घराचा मंजूर भार वाढवून घेतल्यावर त्याने गिझरसाठी वेगळी, जाड लाइन ओढली. हे सारं गिझर आणण्याआधी विचारता आलं असतं. त्याला ना अंगारा लागतो, ना मंत्र. घरातले दिवे गेले तर आधी फ्यूज पाहावा. आईकडे बोट दाखवणाऱ्याला दार दाखवावं.