टांगलेलं स्पिटफायर

दालनाच्या दारात पाय ठेवला आणि झुलालचं डोकं फिरलं. रिमोटवर उडणारं लाकडी विमान छताला टांगलेलं होतं. दोन तारा, पोटाखालून एक पट्टा, आणि नाकावर झेंडूचा हार. खाली भिंतीवर कोकिळाचा मोठा फोटो आणि सोनेरी अक्षरांची पाटी: कै. सौ. कोकिळाताई स्मृती दालन.

"कसं दिसतंय दाजी?" योगेंद्रने मागून येऊन विचारलं. योगेंद्र म्हणजे कोकिळाचा धाकटा भाऊ. धुळ्यात त्याची स्वतःची शाळा होती आणि हे दालन त्याच शाळेत होतं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता होता.

"खाली घे."

"अहो, असं काय करता? पाहुणे यायला लागले. फोटोवाला आलाय."

"तू फोनवर काय बोलला होतास?"

"काय बोललो होतो?"

"वर्षश्राद्धाचं जेवण झालं की ग्राउंडवर उडवू, असं बोलला होतास. तुझ्या आईला बघायचंय म्हणून मी आठवडाभर आधी जामनेरहून गाडीत घालून आणून दिलं. टांगायला दिलं नव्हतं."

योगेंद्र हसला. शाळेत पालक तक्रार घेऊन आले की तो असाच हसत असणार, असं झुलालला वाटलं. "दाजी, उडवलं आणि पडलं तर? ताईची तेवढीच आठवण राहिली आहे. इथे पोरं येता-जाता बघतील, नमस्कार करतील."

"तिने नमस्काराला बनवलं नाही ते."

"तुम्ही आज चिडू नका. आजचा दिवस..."

"आजचा दिवस कोणाचा आहे ते मला सांगू नकोस," झुलाल म्हणाला आणि बाहेर पडला. आणखी एक मिनिट थांबला असता तर त्याच्या हातून काहीतरी झालं असतं.

व्हरांड्यात नातेवाईक बसले होते. दोघंतिघं "या झुलालभाऊ" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला ठाऊक होतं. बायको गेली आणि या माणसाने वर्षभर दुकान नोकरावर टाकून खेळणं बनवलं. जामनेरला ठिबकच्या नळ्यांचं चांगलं चालणारं दुकान, आणि हा माडीवर बसून लाकडाच्या फासळ्या घासत होता. बोलू देत.

खरं तर विमानांचं वेड झुलालचं नव्हतंच. ते कोकिळाचं. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात ती हातातल्या दोरीवर गोल फिरवायची छोटी विमानं उडवायला शिकली होती. मग लग्न झालं, मोनाली झाली, आणि विमानं राहून गेली. मोनाली पुण्याला संसाराला लागली तेव्हा कोकिळाने मोबाइलवर बघून पुन्हा सुरुवात केली. आधी फोमचं साधं शिकाऊ विमान, आणि ते नीट उडायला लागल्यावर एक दिवस म्हणाली, "आता स्पिटफायर करते." दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. बर्मेच्या आघाडीवर आपल्या वैमानिकांनीही ते उडवलं होतं, हे तिने त्याला जेवताना सांगितलं होतं आणि त्याने अजून एक भाकरी मागितली होती.

स्पिटफायरचे पंख पानासारखे असतात. बुडाशी रुंद, टोकाकडे गोल होत जाणारे. त्यामुळे आतली प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची. एक कापली म्हणून तशीच दुसरी कापता येत नाही. कोकिळाने धड केलं, शेपूट केली, उजवा पंख केला. वरची चमकदार फिल्म साडीच्या इस्त्रीने चिकटवली. मग पोटात दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला तेव्हा डाव्या पंखाच्या फासळ्या अजून कापायच्याच होत्या.

डावा पंख झुलालने केला. तिच्यावर चिडत केला. अर्धं सोडून जायचं होतं तर हात कशाला घातलास, असं तो माडीवर मोठ्याने बोलायचा. पंख थोडा जड झाला, म्हणून उजव्याच्या टोकाला त्याने वजनासाठी एक लोखंडी वायसर चिकटवला. तिच्याच फोमच्या विमानावर, कापूस वेचून झालेल्या शेतात, तो उडवायला शिकला. किती वेळा पाडलं त्याला गणती नाही. पण शिकला.

आणि ते कशासाठी? तर या ग्राउंडसाठी. दोन वर्षांपूर्वी कोकिळा फोमचं विमान घेऊन याच शाळेच्या फाटकाशी आली होती. जामनेरच्या आसपास केळीच्या बागा आणि विजेच्या तारा; बाराही महिने एवढी मोकळी सपाट जागा तिला दुसरीकडे मिळत नव्हती. "रविवारी सकाळी, शाळा नसताना, अर्धा तास," एवढंच मागितलं तिने. योगेंद्रने फाटकातूनच परत पाठवली. "ताई, या वयात विमानं उडवतेस, लोक काय म्हणतील? माझ्या संस्थेचं नाव आहे." घरी येऊन तिने विमान माडीवर नेऊन ठेवलं. चार-पाच दिवसांनी कणीक मळता मळता एकदम म्हणाली, "त्या ग्राउंडवर स्पिटफायर उडवूनच दाखवते त्याला."

आता त्याच योगेंद्रने ते टांगलं होतं. वर हार घातला होता.

*

जेवणाची वेळ झाली. योगेंद्रच्या घराण्यात रीत अशी की घरची लेक नवरा हयात असताना गेली, तर माहेरच्या वर्षश्राद्धाला तिच्या नावाने एका सवाशिणीला पाटावर बसवायचं. तिला नवं लुगडं नेसवायचं, ओटी भरायची, पहिलं ताट तिच्यापुढे. तिचं जेवण झालं की यजमानाने हात जोडून विचारायचं, "बाई, मन भरलं का?" तिने "भरलं" म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणाचं पान मांडायचं नाही. सगळे "भरलं" म्हणतात. आजवर कोणी दुसरं काही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पाटावर मोहिनी बसली होती. कोकिळाची लहानपणची मैत्रीण, वच्छलाबाईंच्या गल्लीतच राहणारी. वच्छलाबाई, म्हणजे झुलालची सासू, खुर्चीत तिच्या शेजारी होत्या. पंक्ती दालनातच मांडायच्या होत्या, त्यामुळे विमान मोहिनीच्या बरोबर डोक्यावर होतं.

मोहिनीने पुरणपोळी खाल्ली, खीर खाल्ली, पाणी प्यायली. योगेंद्र पुढे झाला, हात जोडले. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला.

"बाई, मन भरलं का?"

मोहिनीने मान वर केली आणि विमानाकडे बघितलं.

"नई भरनं," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

योगेंद्रने पुन्हा हात जोडले. "मोहिनीताई, चेष्टा नको. लोक खोळंबले आहेत. मन भरलं का?"

"सांगं ना, नई भरनं. त्या दिवशी फाटकवर मी तिना संगे व्हती. इमान मना हातमा व्हतं. तू आमले फाटकना मझार बी येऊ नई दिधं." तिचा आवाज चढला. "आज तिना पाटवर मी बठेल शे ना? मंग ते खाले उतार आनि दाजीसले उडावू दे. तवपर्यंत मी भरनं म्हनाव नई."

"आई, तू तरी सांग हिला," योगेंद्र वच्छलाबाईंकडे वळला.

वच्छलाबाईंना कमी ऐकू यायचं, पण एवढं ऐकू आलं होतं. "कोकिळानं इमान शे ना ते?" त्या म्हणाल्या. "मंग टांगं कसाले? उडाना करता व्हतं ना?"

आचारी दारात डाव घेऊन उभा होता. एक म्हातारे पाहुणे, गोळ्या घेण्याआधी जेवावं लागणारे, खाकरले. "योगेंद्र, हो म्हण बाबा. बाईमाणसाचं मन राखावं."

योगेंद्रचे कान लाल झाले होते. "बरं. उडवू. जेवणं झाली की उडवू. झालं?"

"झालं," मोहिनी म्हणाली. "भरनं आते." आणि ताटाला हात लावून उठली.

झुलाल जेवला नाही. शिपायाला शिडी आणायला लावून त्याने विमान स्वतः उतरवलं, हार काढून बाजूला ठेवला आणि विमान ग्राउंडवर नेलं. पंखाखाली ठरलेल्या जागी त्याने दोन बोटं टेकवून ते उचललं. बरोबर तोल असेल तर विमान बोटांवर आडवं राहतं, नाक किंचित खाली. शेपूट धाडकन खाली गेली.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा शेपूट खाली.

स्पिटफायरचं पंखापुढचं नाक आखूड, त्यामुळे नाकात वजन घालावंच लागतं. झुलालने तापीवरच्या मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याचे शिशाचे गोळे आणून आत चिकटवले होते. त्याने नाकावरचं झाकण उघडलं. आत एकही गोळा नव्हता. गोंदाचे खरवडलेले डाग तेवढे होते.

"योगेंद्र!"

पंगतीत वाढणारा योगेंद्र व्हरांड्यात आला. "आता काय?"

"नाकातलं शिसं कुठे आहे?"

"ते होय. टांगल्यावर नाक खाली झुकत होतं. सरळ दिसेना. सुताराने उघडून बघितलं तर आत गोळे. म्हटलं काढून टाक, उगाच ओझं."

"कुठे टाकलं?"

"आता ते कसं सांगू? कचऱ्यात गेलं असेल."

झुलालच्या तोंडून शिवी गेली. श्राद्धाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, सासूसमोर. पंगतीतली माणसं घास हातात धरून बघत राहिली. "असंच उडवलं असतं तर शेपटीवर उभं राहून जमिनीत गेलं असतं! मग तू म्हणाला असतास, बघा, मी सांगत नव्हतो?"

"मला काय माहीत दाजी..."

"तुला कधी माहीत करून घ्यायचं होतं? तिने एवढं बनवलं, एकदा तरी हातात घेऊन विचारलंस, ताई, हे काय?"

झुलालने इकडेतिकडे बघितलं. झाडाखाली योगेंद्रची नवी पांढरी गाडी उभी होती. तो पिशवीतला पेचकस घेऊन तिकडे गेला आणि चाकाशी उकिडवा बसला. चाकांचा तोल साधायला टायरवाले आतल्या बाजूने वजनाच्या पट्ट्या चिकटवतात. त्याने पेचकस घालून पट्टी उपटली. मग दुसरी.

"दाजी! नवी गाडी आहे!"

"विमानही नवंच होतं."

"अहो, हायवेला गेलो की स्टिअरिंग थरथरेल!"

"थरथरू दे. सावकाश चालव."

चारही चाकं झाली. तेवढ्याने पुरेना, म्हणून त्याने स्वतःच्या जुन्या गाडीच्याही उपटल्या. एक एक पट्टी नाकात चिकटवत, बोटांवर उचलून बघत तो बसून राहिला, नाक किंचित खाली झुकेपर्यंत. तोवर जेवणं आटोपून सगळे ग्राउंडच्या कडेला जमले होते. वच्छलाबाईंची खुर्ची मोहिनीने पुढे आणून ठेवली.

झुलालने आधी रिमोट चालू केला, मग विमानात बॅटरी जोडली. विमान वळवणाऱ्या शेपटीच्या, पंखांच्या पट्ट्या हलवून बघितल्या. वाऱ्याच्या तोंडाला विमान ठेवलं. त्याने रिमोटवरून प्रोपेलर फिरवला, विमान गवतावरून धावलं, शेपूट उचलली, डावीकडे ओढ घेतली, त्याने ती आवरली, आणि चाकं जमिनीवरून सुटली.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. झुलाल ओरडला, "गप्प बसा!" त्याला मोटरचा आवाज ऐकायचा होता.

विमान शाळेवरून वळलं. उन्हात पानासारखे पंख स्पष्ट दिसले, एक तिचा, एक त्याचा. खालून कोणता कोणाचा ते कळत नव्हतं, आणि त्याचाही त्याला राग आला. हे बघायला तू पाहिजे होतीस, मी नाही. मला यातलं काय कळतं? त्याने दोन फेऱ्या घेतल्या. तिसरी दालनाच्या छतावरून इतकी खाली आणली की योगेंद्रने डोकं वाचवायला मान खाली घातली.

मग उतरवायची वेळ आली. या विमानाची चाकं एकमेकांच्या फार जवळ असतात. ते जमिनीला लागलं, थोडं धावलं, उजवं चाक गवताच्या गड्ड्यात अडकलं आणि विमान नाकावर गेलं.

योगेंद्र धावत आला. "मोडलं ना? मी म्हणत नव्हतो? आता असू दे, दुरुस्त करून दालनात..."

झुलालने विमान उचललं. प्रोपेलर मोडला होता. उजव्या चाकाचा पाय निखळला होता. बाकी सगळं शाबूत होतं. त्याने डाव्या चाकाचा पायही ओढून काढला, पिशवीतला दुसरा प्रोपेलर बसवला, दुसरी बॅटरी घातली, आणि तोल पुन्हा बोटांवर बघून घेतला. मग विमान योगेंद्रपुढे धरलं.

"घे."

"मी?"

"चाकं नाहीत. हाताने फेकावं लागेल. दोन्ही हात मला रिमोटला लागतात. पंखाखालून धर. नीट धर, ते काय ताट आहे? वाऱ्याकडे तोंड करून पळ आणि सरळ पुढे सोड. वर फेकायचं नाही. प्रोपेलरपासून हात लांब."

"दाजी, माझ्याने होणार नाही. पडलं तर?"

"पडलं तर मी पुन्हा बनवेन. पळ!"

योगेंद्रने विमान धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने बहिणीची वस्तू हातात घेतली होती, आणि ती किती हलकी आहे हे त्याला कळलेलं त्याच्या तोंडावर दिसलं. झुलालला त्याची दया आली नाही. त्याने मोटर सुरू केली. पांढऱ्या कुर्त्यातला तो पोट सुटलेला माणूस ग्राउंडवरून धडपडत पळाला, त्याची एक चप्पल मागे राहिली, आणि मोहिनी ओरडली, "सोड रे, सोड!"

त्याने सोडलं. विमान गवताला टेकेलसं खाली आलं, मग सावरलं आणि वर चढायला लागलं.

योगेंद्र तिथेच गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत वर बघत उभा राहिला. मग त्याने वळून झुलालला काहीतरी विचारलं. झुलालने ते ऐकलं नाही, आणि ऐकू आलं असतं तरी त्याने उत्तर दिलं नसतं. विमान फाटकाच्या दिशेने चाललं होतं, आणि त्याला ते वेळेत वळवायचं होतं.