हिरव्या गळपट्ट्याचा हंस

माझी धाकटी जाऊ निंगव्वा हिला लाज म्हणून उरली नाही. तीस वर्षं एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या, दोघींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींना धरून रडलो, आणि आता तळ्याच्या बांधावर समोरून आली की डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून जाते. कुणासाठी? तर अडवीस्वामीसाठी! अंगाला राख फासून तो पलीकडच्या बांधावर बसतो आणि रोज सकाळी अर्धं गाव नारळ घेऊन त्याच्यापुढे उभं असतं.

चमत्कार असा. आठच्या सुमाराला स्वामी शंख फुंकतो, "ये बाळा, कैलासावरून ये!" म्हणून हात वर करतो, आणि आभाळातून हंसांचा थवा पाण्यावर उतरतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस, हिवाळ्याचे पाहुणे. त्यांतल्या एकाच्या मानेत हिरवा गळपट्टा आहे. त्यावर इंग्रजी 'बी' आणि सत्तावीसचा आकडा.

"बी म्हणजे भरमप्पा," स्वामी डोळे मिटून म्हणतो, "आणि सत्तावीस हे तुझ्या लेकाचं वय, माते! यमानं शिक्का मारून त्याला परत धाडलाय."

निंगव्वाचा एकुलता एक भरमू गेल्या पावसाळ्यात विहिरीवरची मोटर सुरू करायला गेला आणि तारेला चिकटला. सत्ताविसाव्या वर्षी. आता स्वामीचं म्हणणं, हंस कायमचा राहायला हवा तर तळ्याकाठचं शेत मठाला द्या. सोमवारी कागदावर सही. ते शेत गेल्यावर निंगव्वानं काय खायचं? राख?

मी या तळ्यावरचे पक्षी मोजते. अकरा वर्षं झाली. शहरातल्या पक्षीवाल्यांनी दुर्बीण आणि वही दिली, "अज्जी, रोज किती आले ते टिपा" म्हणाले. पगार नाही, कुणाची बळजबरी नाही. मोजायला दोघं लागतात: एकानं बघायचं, एकानं रेघा ओढायच्या. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून रेघा आणि तारीख भरमू घालायचा. मला तो दोड्डव्वा म्हणायचा, म्हणजे थोरली आई. तो गेल्यावर निंगव्वा शेजारी बसू लागली. आठ दिवस बसली, मग स्वामीकडे गेली. एकटीनं मोजताना चारशेच्या पुढे गाडी घसरते, आणि "किती झाले गं?" विचारायला बाजूला नुसतं गवत असतं.

मी गावाला सांगून पाहिलं, "अरे, हंस रात्रभर भुईमुगाच्या शिवारात चरतात आणि आठला झोपायला पाण्यावर येतात. स्वामी नव्हता तेव्हाही आठलाच यायचे. उद्या म्हणाल सूर्यही हाच उगवायला लावतो!" कुणी ऐकलं नाही.

पण मन खात होतं. असे गळपट्टे मी दोन-तीनदा पाहिले होते. हा त्यांतलाच का? रविवारी जुन्या वह्या काढल्या. सोमवारी एक वही काखेत मारून पलीकडच्या बांधावर गेले. निंगव्वा कागदापुढे बसली होती, भोवती गाव जमलं होतं.

"अज्जी," स्वामी हसला, "अक्षरशत्रूनं देवकार्यात पडू नये."

"अक्षर येत नाही, चित्र येतं. हे बघ. खांबाला दोन पोटं, मग वाकडी मान, मग कोयता."

पोस्टमन मल्लप्पा वाकला. "अरेच्चा! हे तर बी सत्तावीस!"

"तीन हिवाळ्यांपूर्वीचं," मी म्हटलं. "तेव्हा भरमू चोवीस वर्षांचा होता आणि माझ्या शेजारी बसून मिरची भजी खात होता. हा त्याचा तेलकट अंगठा. माणूस मरायच्या आधीच हंस होतो काय रे, स्वामी?"

"परवाच काढलं असेल म्हातारीनं!" स्वामी ओरडला.

मी वही निंगव्वाच्या मांडीवर ठेवली. चित्राखाली चार ओळी होत्या. तिनं बोट ठेवून जुळवत वाचलं: "हिरवा पट्टा. उत्तरेकडच्या थंड देशात अभ्यासकांनी घातला, हंस कुठं कुठं जातात ते कळावं म्हणून. दोड्डव्वानं आधी पाहिला, मी हरलो."

तिनं वही छातीशी धरली. "हे माझ्या भरमूचं अक्षर आहे."

"आणि पट्ट्यावरचं याला कसं कळलं ते मी सांगते," मी लोकांकडे वळले. "दिवाळीत तारे बघायला म्हणून यानं माझीच दुर्बीण नेली होती. भरमूचं नाव आणि वय कुणी सांगितलं, ते या आपल्या चहावाल्याला विचारा."

चहावाला पायाकडे बघू लागला. कुणीतरी फिस्सकन हसलं. दुपारच्या बसनं स्वामी शंखासकट गेला. लोक त्याआधीच आपापले नारळ उचलून घरी गेले होते.

बांधावर आम्ही दोघीच उरलो. निंगव्वानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अक्का, रोज सकाळी मला तो दिसत होता. तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस."

मी म्हटलं, "निंगव्वा, ऐक. तुझा लेक दिसलं तेवढंच लिहायचा. त्याच्या नावावर खोटं खपवलेलं मी सहन करणार नाही, तुला कितीही गोड लागलं तरी. मेलेलं माणूस परत येत नाही. कुणी आणून दाखवलं तर आधी त्याची मूठ उघडून बघावी, हात मागाहून जोडावेत. तू न बघता जोडलेस, ही तुझी चूक. दुःख तुझं खरं आहे, बाई. खऱ्याला असल्या ढोंगाचा टेकू कशाला?"