फोनला गव्हले दिसत नाहीत

आमच्या घरात सगळ्यात महागडे डोळे पुष्करच्या फोनला आहेत. तीन आहेत मेल्याला. शंकरालाही तीनच, पण तो निदान समोरचं बघतो.

माझ्या सुनीतीच्या लेकीचं, ऋचाचं, लग्न ठरलंय. मेलबर्नला. डॉक्टरांनी मला विमान बंद केलंय, तेव्हा लग्न तिकडे आणि मी इथे धनकवडीत. ते मी गिळलं. पण मुहूर्ताचे गव्हले? आमच्याकडे लग्नाची पहिली खीर नवरीने स्वतः वळलेल्या गव्हल्यांची होते. रव्याच्या पिठाचा दाणा, तांदळाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. सासूबाईंनी मला शिकवलं, मी निम्म्या गल्लीला शिकवलं. पोटच्या पोरीला मात्र नेमकी परीक्षा असायची. मे महिन्यातसुद्धा.

"आई, इथल्या दुकानात पाकीट मिळतं," सुनीती फोनवर म्हणाली. "आणून ठेवलंय मी."

"पाकीट आहेरात द्यायचं असतं, खिरीत घालायचं नसतं."

मग ऋचाने फोन घेतला. "आजी, तू व्हिडिओ करून पाठव. कॉलवर सगळं अडकत अडकत दिसतं. व्हिडिओ असला की थांबवून थांबवून बघीन. परवा मुहूर्त आहे. आला तर वळीन, नाही तर मग पाकीटच गं."

पोरगी सरळ बोलते. माझ्यावर गेलीय.

मुहूर्ताला सवाष्णी लागतात, त्या तिथे सुनीती गोळा करील. शिकवायलाही सवाष्णच लागते असं कुठे म्हटलेलं नाही. म्हटलं असलं तरी मी विचारायला गेले नव्हते.

रविवारी सकाळी दुधात रवा भिजवून, तुपाच्या हाताने मळून ठेवला. खिडकीशी पाट मांडला, पुढे परात घेतली. पुष्कर फोन घेऊन समोर बसला. हा हिंजवडीच्या कंपनीत अख्खी टीम हाकतो म्हणे.

"आई, परफेक्ट. परात, दोन्ही हात, सगळं येतंय. करू सुरू?"

मी पिठाचं टोक चिमटीत धरलं. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "अरेच्चा."

बघते तर अर्धी परात गेलेली, डावा हात मनगटापासून गायब. पीठ धरलेला हात तोच.

"आत्ता तर सगळं दिसत होतं!"

"फोटोला दिसतं आई. व्हिडिओ सुरू केला की कडेचं कापलं जातं."

"मग आधी दाखवतो कशाला? स्थळं दाखवतोय का?"

पुष्कर मागे सरकला. पार सोफ्याला टेकला. आता दोन्ही हात आले, पण गव्हला मुंगीएवढा. पुढे आला तर बोटं धुक्यात. त्याने दुसरा डोळा लावून पाहिला, तर परात सुपासारखी वाकडी आणि माझी बोटं केळ्यांएवढी. म्हटलं, हा व्हिडिओ बघून पोरगी लग्नच मोडेल. मग अगदी जवळ धरायचा तिसरा प्रकार केला. त्यात फोनचीच सावली परातीवर पडली.

"थांब, नीट फोकस लावतो."

या वेळी मी एक मूठ गव्हले वळले. सावकाश, बोट उचलून दाखवत, बोलत. "अंगठा पुढे, जोर नाही द्यायचा." जीव ओतला अगदी. बघितलं तर माझी बोटं म्हणजे पांढरे ढग, आणि मागे भिंतीवर यांचा फोटो. चंदनाच्या हारासकट लख्ख. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा.

"फोन चेहरा शोधतो, आई. बाबांचा सापडला."

"जिवंत होते तेव्हाही राबायचे माझे हात आणि दिसायचे हेच."

पुष्कर हसला. मी हसले नाही. पीठ सुकायला लागलं होतं. त्यावर ओलं फडकं टाकलं.

तेवढ्यात सुनीतीचा फोन. "झालं का गं? नसेल होत तर राहू दे ना. कशाला त्रास करून घेतेस? पाकिटातले दिसायला अगदी सेम असतात."

सेम! मी फोन पुष्करच्या हातात दिला. मी बोलले असते तर लग्नघरात रडारड झाली असती.

"बाबांचा फोटो काढ," मी म्हटलं.

"काढू? भिंतीवरून?"

"मग काय, नुसतं बाजूला सरका म्हणून सांगतोस का त्यांना?"

त्याने फोटो काढून खुर्चीवर ठेवला. मी तो उचलून त्याच्या पाठीमागे, माझ्यासमोर ठेवायला लावला. बसा म्हटलं, बघा एकदा काय करते मी ते.

पुन्हा सुरू. पुन्हा ढग. आता मागे भिंत कोरी, म्हणून फोनने माझं तोंड धरलं. चष्मा, कपाळाच्या आठ्या, हनुवटीवरचा तीळ, सगळं टकटकीत. पुष्करने काचेवर माझ्या बोटांवर टिचकी मारली की क्षणभर बोटं दिसत. हात हलला की फोन परत तोंडाकडे.

"आई, जरा खाली बघ. चेहरा लपव ना कसा तरी."

डोक्यावरचा पदर मी सासऱ्यांसमोर कधी ढळू दिला नाही, पण तोंड झाकून कुणापुढे बसले नाही. सासूबाईंना ते माझं उद्धटपण वाटायचं. वाटू दे म्हटलं होतं. आणि आज या काचेच्या तुकड्यापुढे?

फडक्याखालचं पीठ दाबून पाहिलं. अजून एकदा पुरेल इतकीच ओल होती.

चष्मा काढला. पदर डोक्यावरून पुढे ओढला, थेट हनुवटीपर्यंत. आत नुसता कापडाचा उजेड. परात दिसेना, पीठ दिसेना.

"आई, तुला दिसतंय का?"

"मला दिसायची गरज नाही. त्याला दिसू दे."

बोटांनी टोक शोधलं आणि वळायला लागले. एक, दुसरा, तिसरा. आतून बोलत होते, ते किती ऐकू गेलं देव जाणे. पुष्कर एकदाही अरेच्चा म्हणाला नाही, त्यावरून काय ते समजले.

व्हिडिओत मी नाहीच. ओढलेला पदर, त्याखाली दोन हात आणि त्यांतून पडणारे गव्हले, एकेक दाणा मोजावा असे. तसाच पाठवला.

मुहूर्ताच्या दिवशी ऋचाचा व्हिडिओ आला. चष्मा पुसून बसले. पोरीनेही पदर घेतला होता, नाकापर्यंत, ओढणीचा. आणि तरीही बोटं धुक्यातच! वळतेय की चुरतेय, काही कळेना. त्या फोनने भलतंच धरलं होतं. तिच्या मागे फळीवर सुनीतीने आणलेलं पाकीट, त्यावरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ. वरची शिवण जशीच्या तशी. फोडलेलं नव्हतं.

पुष्करने तेवढाच तुकडा मला दोनदा लावून दाखवला.

गव्हले कसे झालेत ते मात्र मला अजून दिसलेलं नाही. टोकं निमुळती केली असतील की नाही, कोण जाणे. पुन्हा पाठव म्हटलंय. खिडकीशी बसून.