प्रीतलच्या कुशीची उशी

मी सावरीच्या कापसाची एक जुनी उशी आहे. मित्रांनो, हल्लीच्या फोमच्या उशांसारखी मी गुबगुबीत नाही, पण माझा तोरा विचारू नका! वसईकडच्या नंदाखाल गावच्या ग्रेसीआजींनी लग्नाआधी मला शिवलं आणि खोळीवर दोन्ही बाजूंनी लाल रेशमाचा क्रूस भरला. घरी फादर आले की मला खुर्चीवर मान मिळायचा. एरवी मी कपाटात. कौतुक भरपूर, काम काहीच नाही. खरं सांगते, मला कंटाळा आला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचं, प्रीतलचं, सिझर झालं. मुलगी झाली. आजींनी मोठ्या हौसेने मला दवाखान्यात नेलं आणि प्रीतलच्या डोक्याखाली ठेवलं. बाळाला मांडीवर घेतलं की त्याचा भार टाक्यांवर यायचा. प्रीतल कळवळायची, बाळाच्या तोंडून स्तन सुटायचा आणि मायलेकी दोघी रडायच्या.

"मला दूधच नाय येत, मम्मी. पावडरचा डबा मागवा," प्रीतल आजींना म्हणाली. तिला स्वतः पाजायचं होतं, म्हणून तर तिला रडू आवरत नव्हतं.

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "सिझरनंतर कधीकधी दूध भरून यायला वेळ लागतो. पाजत राहा. उशी कुशीला ठेवा, तिच्यावर बाळ काखेत घ्या, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे. पोटावर भार नको."

आजी दचकल्या. "या उशीवर? क्रूस हाय तिच्यावर! बाळ शू करंल ना!"

बाळ भुकेने ओरडत होतं. आजींनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग मला उचललं, कपाळाला लावलं आणि तिच्या कुशीला ठेवलं.

"घे, पोरी. देवाला लेकराचं वावडं नाय."

बाळ छातीला लागलं. चोखता चोखता त्याने घोट गिळला, तो आवाज मी अगदी जवळून ऐकला. मग त्याने मला चांगलंच भिजवलं! प्रीतल हसली, टाके दुखले, तरी हसतच राहिली. आजीही हसल्या.

डबा मागवावा लागला नाही. एवढी वर्षं मान मिळाला, पण उपयोग त्या दिवशी झाला. आजींचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आलं, की त्याच्या आईला "दूध आलं का?" असं विचारण्याआधी "दुखतंय का गं?" एवढं विचारा.