आले गं बाई

सकाळी फोन उघडला तर घर नव्हतं.

कुशाबाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नकाशा होता, पण ओळखीचा नव्हता. कालपर्यंत पिवळे असलेले रस्ते करडे झाले होते. समुद्र पाणी घातलेल्या ताकासारखा फिका. वरची बटणं खाली उतरली होती, आणि लालबागवरचं ते छोटं निळं घर कुठेच दिसत नव्हतं.

"मेघना, अगं इकडे ये. आईचं घर गेलं!"

सून पिठाच्या हातानेच आली. सासूला, कालिंदीला, जाऊन आठ महिने झाले होते आणि तिचा फोन आता सासरे वापरत होते.

"जातंय कुठे, बाबा? अपडेट आलंय. बरं चाललेलं बघवत नाही मेल्यांना."

फोन नवा घेतला तेव्हा नकाशाने कालिंदीला विचारलं होतं, तुमचं घर कुठे? तिने लालबागच्या माहेरच्या चाळीवर बोट ठेवलं. तेव्हा लग्नाला छत्तीस वर्षं झालेली, संसार सगळा परळला.

"अगं, आपण राहतो कुठे?" कुशाबा म्हणाला होता.

"त्याने घर विचारलं. सासर विचारलं असतं तर परळ सांगितलं असतं."

ते तसंच राहिलं. शीवहून निघा, माहीमहून निघा, नकाशा दोघांना लालबागलाच आणायचा. तिथून परळ चालत. कुशाबाने जन्मभर फोर्टात लिफ्ट चालवली. त्याला वर-खाली कळायचं, डावं-उजवं कालिंदीकडे. फोनमधली बाई "पोहोचलात" म्हणाली की कालिंदी म्हणायची, "आले गं बाई, चहा टाक."

मेघनाने दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं. "हे बघा, आत लपवलंय." निळं घर सापडलं. खाली ओळ होती : घराचा पत्ता अजून हाच आहे का?

"आता परळचा टाकते, बाबा. गेल्या महिन्यात शीवला चक्कर आली तुम्हाला. टॅक्सीवाल्याने फोन बघून कुठे आणून सोडलं? लालबागच्या त्या टॉवरपाशी!"

"राहू दे जरा."

"जरा म्हणजे किती?"

"संध्याकाळी सांगतो."

दुपारी त्याने घराची खूण दाबली आणि निघाला. वाट पाठ होती, तरी फोन सांगेल तसा वळला. चाळीच्या जागी टॉवर उभा होता. गेटवर वॉचमन.

"किधर जाना है, काका? ऊपर?"

"नहीं. ऊपर नहीं."

तेवढ्यात फोन बोलला. बाईचा आवाजही बदललेला, घाईचा. "तुम्ही घरी पोहोचला आहात."

कुशाबा थांबला. याला उत्तर द्यायचं काम त्याचं कधीच नव्हतं. वॉचमन बघत होता.

"आलो गं बाई," तो हळूच म्हणाला.

वॉचमनने आपली खुर्ची पुढे सरकवली.

संध्याकाळी मेघनाने विचारलं, "काय ठरलं मग?"

कुशाबाने कॅलेंडरचं जुनं पान फाडून तिच्यापुढे धरलं. "यावर परळचा पत्ता लिही. मोठ्या अक्षरात. चक्कर आली तर खिशात सापडेल."

ती चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. नकाशा अजून रोज विचारतो. त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.